चिन्नोर म्हटलेला भात

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला, उतरला, आणि त्यानंतर वास येणं बंद झालं. चव बऱ्यापैकी परत आली. गोड, खारट, आंबट, कडू कळतं. वास परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, काहींचा येतो, काहींचा येत नाही. मी दुसऱ्या प्रकारात राहिले.

मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या कापणं हे काम. नवीन होते तेव्हा आमच्या मुख्य उपसंपादकांनी एक नियम सांगितला होता: साडी लाल लिहायची, सुंदर लिहायची नाही. लाल साडीत असतं, सुंदर लिहिणाऱ्यात असतं. हा नियम मी वर्षानुवर्षं विचार न करता वापरला. आमच्या भागातला चिन्नोर तांदूळ बातमीत आला की त्याच्या आधीचा ‘सुवासिक’ हा शब्द मी कधी काढला नाही, कारण तो मला लाल या जातीचा वाटायचा. तापानंतर अशीच एक बातमी आली आणि ‘सुवासिक’पाशी थांबले. मग तसाच जाऊ दिला. पण आता तो ऐकीव माहितीवर जात होता.

आमचं गाव लाखनीपासून आत आहे. महामार्गाच्या ट्रकांचा आवाज हवा तशी असली तर घरापर्यंत येतो. घरी बाबा, दादा आणि वहिनी. आई आधीच गेली होती. दादा शेती बघतो आणि महामार्गावर टायर पंक्चरचं दुकान चालवतो. धानाच्या चार बांध्या आहेत, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. त्यांतल्या तिन्हींत जाड धान लागतो, जो विकला जातो. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालची चौथी बांधी बाबांनी कायम चिन्नोरसाठी ठेवली. चिन्नोर उंच वाढतो, वाऱ्याने आडवा पडतो, उशिरा येतो आणि कमी येतो. तो घरी खायला आणि पाहुण्यांना.

दोन उन्हाळ्यांपूर्वी बाबांना लकवा मारला. उजवा हात आणि पाय काही महिन्यांत कामापुरते परत आले. बोलणं आलं नाही. एकच शब्द शिल्लक राहिला, ‘बरोबर’. पाणी हवं असलं तरी बरोबर, नको असलं तरी बरोबर, पाय दुखला तरी बरोबर. सूर थोडा बदलायचा, पण त्या सुरावरून काही ठरवता येत नसे. लकव्याआधी ते हा शब्द फारसा वापरतही नसत.

नागपूरला एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे त्यांना नेत होतो. त्या चित्रांचे पत्ते मांडायच्या. गाय, छत्री, घागर, विळा, दिवा. हे काय आहे? बरोबर. आणि हे? बरोबर. मग त्या म्हणाल्या, थंड वस्तू दाखवा. बाबांनी विळ्यावर बोट ठेवलं. बाईंनी कागदावर खूण केली.

“लोखंड थंडच रायते मॅडम, सकाळी,” दादा म्हणाला.

बाई हसल्या. खूण तशीच ठेवली.

मी त्यांना विचारलं, यांचे फक्त शब्द गेलेत की वस्तू ओळखणंही गेलंय? त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. म्हणाल्या, शब्द गेलेत हे नक्की. बाकीचं किती शिल्लक आहे ते तपासायची आमची बहुतेक साधनं शब्दांचीच आहेत.

त्या दिवशी परतताना आम्ही रस्त्यावर चहा प्यायलो. स्टीलचा गिलास समोर आला तसा बाबांनी गमछ्याचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि मग गिलास उचलला. पूर्वीही ते असंच करायचे. गरम हा शब्द त्यांच्याकडे नव्हता, चित्रांत विचारलं असतं तर त्यांनी कदाचित छत्री दाखवली असती. गिलास गरम होता आणि त्यांच्या हाताला ते माहीत होतं. मी हे बाईंना पुढच्या खेपेला सांगितलं. त्या म्हणाल्या, ती सवयही असू शकते. तेही खरं होतं.

घरात एक गोष्ट बाबांपासून लपवलेली होती. आम्हा तिघांना ती माहीत होती.

आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बांबूच्या, शेणाने लिंपलेल्या ढोल्या आहेत, धान साठवायच्या. चिन्नोरच्या दोन शेजारी शेजारी. एक खायची, एक बिजाईची, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बियाण्याची. दोन्हींत धान एकाच बांधीतला, एकाच मळणीचा. डोळ्याला, दाताला, नाकाला दोहोंत काही फरक नसतो. फरक एवढाच की एकाला बिजाई म्हणतात. दर उन्हाळ्यात बाबा एकदा दोन्ही ढोल्यांसमोर उभे राहत आणि वहिनीला सांगत, “हे खायाचं, हे बिजाईचं. याले हात नाही लावाचा.” कोणती ढोली कशासाठी हे दर वर्षी बदलायचं. जी आधी रिकामी होईल तिच्यात आधी भरायचं, असा साधा हिशेब. लिहून वगैरे काही ठेवलेलं नसे. त्या उन्हाळ्यात हे वाक्य म्हणायच्या आत त्यांचं बोलणं गेलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर लोक भेटायला येऊ लागले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला चहावर परत पाठवत नाहीत, आणि पाहुण्याला जाड भात वाढत नाहीत. वहिनी दवाखाना, घर आणि चूल एकटीने सांभाळत होती. तिने एका ढोलीतला धान काढला, गिरणीत कांडून आणला, रांधला. ती ढोली संपली. पाहुणे येतच होते. तिने दुसरीतला काढला. खायची ढोली एवढ्या लवकर संपते हे तिने कधी बघितलं नव्हतं, म्हणून उरलेली तीच खायची असं तिच्या मनाने धरलं. मग संपलेली कोणती होती, हा विचार त्या धावपळीत झाला नाही. पेरणीच्या तोंडावर दादाने बिजाई काढायला हात घातला तर दोन्ही ढोल्यांच्या तळाला कोंडा होता.

बाबांची बिजाई बाबांना भेटायला आलेल्यांनी खाल्ली होती. खाताना सगळ्यांनी भाताची तारीफ केली होती.

दादाने लाखनीच्या एका दुकानातून पिशवी आणली. पिशवीवर चिन्नोर लिहिलं होतं. दुकानदार तोंडीही चिन्नोरच म्हणाला. तेच बी बोडीच्या खालच्या बांधीत गेलं. बाबा तेव्हा खाटेवर होते. पुढे काठी धरून चालू लागले तेव्हा धान हिरवा उभा होता, आणि हिरवा धान लांबून सगळा सारखा.

आमच्या घरी नवं खाण्याची एक रीत आहे. आजोबांच्या पिढीत आमच्या घराने धर्म बदलला. त्याआधी नव्या धानाचा पहिला भात देवापुढे ठेवत. आजोबांनी देव नदीत पोचवले आणि नैवेद्य बंद केला, पण बाकीची रीत काढून टाकली नाही. पहिला घास घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने खायचा आणि म्हणायचं, “गोड हाय.” तो म्हणेपर्यंत कोणी ताटाला हात लावायचा नाही. आजोबा म्हणत, नंतर बाबा म्हणू लागले. एका वर्षी पावसात भिजलेला धान होता, भाताला कुबट वास होता. तो मला तेव्हा येत होता. त्या वर्षीही बाबा म्हणाले, गोड हाय. आई हळूच म्हणाली, “तुमची जीभ तपासून आना एकडाव.” पण तो भात त्या वर्षी गोडच धरला गेला आणि कोणी तक्रार केली नाही.

त्या हिवाळ्यात मी नवं खायला घरी गेले. चूल परसात होती. वहिनीने तांदूळ टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

“ताई, मले भेव लागून राहिला.”

“कशाचं?”

“मामाजीले समजलं त?” सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

“समजलं तरी ते बोलणार काय?”

“म्हनूनच त भेव लागते. बोलनारा मानूस चार शिव्या देते अन् मोकळा होते.”

भात शिजत आला. वहिनीने झाकण काढलं, वाकली, हाताने वाफ नाकाकडे ओढली. “येऊन राहिला ना वास. चिन्नोरचाच हाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पन तुमाले कायले विचारू. घरात एकाले बोलता येत नाही, एकीले वास येत नाही. चांगले साक्षीदार भेटले मले.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय शिजून राहिलं वो?”

“चिन्नोर,” वहिनी म्हणाली. “नवं हाय आज.”

“हो न. वास इथंवर येऊन राहिला.”

वहिनीचा चेहरा सैल झाला. वाक्यांचा क्रम माझ्या लक्षात राहिला. आधी नाव सांगितलं गेलं, मग वास आला. मी कापत असलेल्या बातमीत असा साक्षीदार असता तर मी तो ठेवला नसता. आणि वहिनीचं स्वतःचं नाकही या प्रकरणात पक्षकार होतं.

दादाला विचारलं. तो म्हणाला, “मले नोको विचारू. माह्या नाकात टायर बसलं हाय.” मग म्हणाला, “बाबाले समजते का ते आज पाहू. समजत नसन त पुढच्या सालापासून त्या बांधीतबी जाड लावून टाकतो. कोनासाठी ठेवाचं मंग?”

हे तो रागाने म्हणाला नाही. चिन्नोरची बांधी बाबांची होती. बाबांना फरक पडत असेल तर ती राहील, नसेल तर जाईल. पण ज्याच्यावरून हे ठरणार होतं त्या घासाचा अर्थ लावायला आमच्याकडे एक शब्द होता, आणि तो शब्द सगळ्यालाच लागत होता.

ताटं मांडली. बाबा पाटावर बसले, डाव्या हाताने उजवा हात सरळ केला. वहिनीने भात वाढला, वर थोडं तूप. त्यांनी घास घेतला आणि चावला. लकव्यानंतर ते हळू चावत, पण हे त्याहून हळू होतं. गिळला. ताटाकडे बघत राहिले.

आम्ही थांबलो. गोड हाय ते म्हणणार नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही ‘बरोबर’ची वाट बघत होतो. घरात कोणी शिंकलं तरी ते बरोबर म्हणत. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला तरी म्हणत. त्या घासावर ते काही म्हणाले नाहीत.

भातावरची वाफ गेली.

“बाबा, कसा हाय?” दादाने विचारलं.

बाबांनी दुसरा घास घेतला.

“झालं. खा आता,” दादा म्हणाला, आणि आम्ही जेवलो. मला भात मऊ, गरम आणि किंचित गोड लागला. यापलीकडे माझ्याकडे माहिती नव्हती.

जेवणं झाल्यावर वहिनी बाबांच्या खाटेजवळ खाली बसली आणि सांगून टाकलं. “मामाजी, बिजाई गेली. पाहुन्याईले रांधून घातली. माह्या हातानं झालं. हे दुकानाचं बी हाय.”

“बरोबर,” बाबा म्हणाले.

वहिनी रडायला लागली. दादा दारातून म्हणाला, “रडते कायले? त्याईनं माफ केलं असं समजू नोको अन् रागावले असंबी समजू नोको. ते त माह्या फटफटीलेबी बरोबर म्हनते.”

“मंग घासाले काहून नाही म्हनले?” वहिनीने विचारलं.

त्या दिवशी त्यांना बोलायचा कंटाळा आला असेल. घास तोंडात फिरवण्याकडे सगळं लक्ष गेलं असेल. किंवा त्या भातात जे असायला हवं होतं ते नव्हतं, आणि त्यांना ते नाव न घेता कळलं असेल. तिन्ही शक्य होतं.

मग वहिनीनेच आठवण काढली. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, सिहोऱ्याला राहते. एका मातीत बी थकतं असं बाबा म्हणत, म्हणून काही वर्षांनी आमची बिजाई सिहोऱ्याला जायची आणि तिकडची आमच्याकडे यायची. आत्याकडचा चिन्नोर म्हणजे आमचाच, दोन-तीन मुक्काम बदललेला.

“एका बांधीसाठी सिहोऱ्याले जाचं?” दादा म्हणाला.

“मी जातो मामाजीले घेऊन. तुमी टायर पाहा,” वहिनी म्हणाली.

शेवटी सगळेच गेलो. एसटीने भंडारा, तिथून तुमसर, मग सिहोरा. भंडाऱ्याच्या गाडीत कंडक्टरने बाबांना कुठे जायचं विचारलं. बाबा म्हणाले, बरोबर. तिकिटं दादाने काढली.

आत्याला बाबांच्या बोलण्याचं माहीत होतं, पण ती त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलत होती. उत्तरासाठी थांबत नव्हती, त्यामुळे काही अडत नव्हतं. वहिनीने बिजाईची हकीकत सांगितली तशी आत्या पोट धरून हसली.

“म्हंजे आमी तुह्या घरी येऊन भाऊची बिजाई खाऊन गेलो का वो? मीच त दोनदा भात घेतला.”

“तुमीच म्हनले होते आत्याबाई, काय मस्त भात हाय म्हनून.”

“होताच मस्त. बिजाईचा होता ना.”

तिने चिन्नोर रांधला. पाहुणे होतो. बाबांनी घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाले, “बरोबर.”

“पाहा,” आत्या म्हणाली. “म्हनला का नाही.”

“आत्या, ते कंडक्टरलेबी बरोबर म्हनले,” दादा म्हणाला.

“कंडक्टरबी बरोबर असन. तुले काय करा लागते?”

आत्याने बिजाई बांधून दिली. एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, वर काही लिहिलेलं नाही. परतीच्या गाडीत ते गाठोडं बाबांनी मांडीवर धरलं. झोप लागली तेव्हा दादाने ते काढून घ्यायला हात लावला, तर बाबांनी डोळे न उघडता घट्ट धरलं. दादाने हात काढून घेतला.

पेरणीच्या वेळी दादाने तोडगा काढला. बोडीच्या खालच्या बांधीचे दोन भाग केले. मध्ये धुरा, म्हणजे बांध, घातला नाही, फक्त खुंट्या ठोकल्या. नाल्याकडच्या अर्ध्यात सिहोऱ्याचं बी, रस्त्याकडच्या अर्ध्यात दुकानाचं. “आता कळू दे,” तो म्हणाला. कोणाला कळू दे ते म्हणाला नाही. वहिनीला वाटलं बाबांना. मला वाटलं त्याला स्वतःलाच.

धान निसवला तेव्हा मी सुट्टी घेऊन गेले होते. चिन्नोर फुलोऱ्यात आला की बांधीवरून येणारा वारा वेगळा लागतो. हे मी लहानपणी अनुभवलेलं आहे. आठवतं, पण ते वास म्हणून आठवत नाही. वेगळा लागतो हे वाक्यच आठवतं. वहिनी आधी एका टोकाला उभी राहिली, मग दुसऱ्या.

“सारखाच येते,” ती म्हणाली. “वारा इकडून तिकडं जाते, मंग सारखाच येईन ना.”

बाबा नाल्याच्या बाजूला काठी टेकून उभे होते. तिथे सावली होती. दादा म्हणाला, पाहा, ते आत्याच्या बाजूला उभे हायेत. मी म्हटलं, तिथे सावली आहे. दादा म्हणाला, तूबी ना. नागपूरले राहून वकील झाली.

मी त्या दोन अर्ध्यांच्या मधोमध उभी होते. दोन्हीकडचा धान सारखा उंच, सारखा हिरवा, एकाच वाऱ्याने एकाच बाजूला झुकत होता. मला वास येत नव्हता म्हणून बांधीतून काही कमी झालं होतं असं म्हणता आलं नसतं. बाबांकडे नाव नव्हतं म्हणूनही नाही. पण तिथे नक्की काय होतं हे सांगायला मला कोणीतरी असा हवा होता ज्याला नावं सांगितलेली नाहीत, ज्याच्या मनात वहिनीची भीती नाही, दादाची परीक्षा नाही. असं माणूस घरात नव्हतं. गावातही नव्हतं, कारण वहिनीने हकीकत सगळ्यांना सांगून टाकली होती.

दाणा भरत असताना रानडुकरं आली. दादाने बांधीभोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या आणि कोपऱ्यांवर टायरचे तुकडे जाळले होते. त्या वासाने डुकरं येत नाहीत असं म्हणतात. आली. सकाळी दादाचा फोन आला. मी दुसऱ्या दिवशी पोचले.

नाल्याकडचं अर्धं जवळजवळ सगळं खाल्लेलं आणि तुडवलेलं होतं. रस्त्याकडचं अर्धं उभं होतं. खुंट्यांच्या पलीकडे थोड्या ओंब्या मोडलेल्या होत्या, बस. नुकसानीचा पंचनामा करायला माणूस येऊन गेला होता. पीक कोणतं या जागी त्याने ‘धान’ लिहिलं. तेवढं त्याच्या कामाला पुरेसं होतं.

“डुकरं नाल्याकून येते,” दादा म्हणाला. “पहिलं जे लागलं ते खाल्लं.”

“मधी धुरा होता का?” वहिनी म्हणाली. “खातखात पुढं नसते गेले? बरोबर खुटीपाशी थांबले.”

“पोट भरलं असन.”

“डुकराचं?”

“त्याईले काय मालूम, आत्याचं कोनतं अन् दुकानाचं कोनतं.”

“म्हनूनच त.”

मी खुंट्यांच्या रेषेवरून चालत गेले. नाल्याकडून आलेल्या जनावराला नाल्याकडचं अर्धं आधी लागणार, हे दादाचं म्हणणं खरं होतं. मोडतोड खुंट्यांपाशी थांबली होती, हे वहिनीचंही खरं होतं. दोन्ही बी उलट बाजूंना पेरली असती तर कदाचित कळलं असतं. ते आम्हाला सुचलं नव्हतं.

बाबा चिखलात उतरले. आम्ही धरायला गेलो तर त्यांनी काठीने बाजूला केलं. तुडवलेली एक ओंबी उचलली. दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळले आणि हात नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

“बरोबर,” ते म्हणाले.

दादा तोंड फिरवून साड्या सोडायला गेला. सोडताना मला म्हणाला, “पुढच्या साली जाड नाही लावत इथं.”

कापणीच्या वेळी वहिनीने नाल्याकडच्या अर्ध्यातून उरलेल्या ओंब्या एकेक करून वेचल्या. त्यांच्या जुड्या बांधल्या. ढोलीत ठेवल्या नाहीत. बाबांच्या खाटेच्या वर, आढ्याला टांगल्या. घरात कोणी आलं, अगदी गॅसचं सिलिंडर द्यायला आलेला माणूस असला, तरी ती आधी वर बोट दाखवते आणि सांगते, “हे बिजाईचं हाय. याले हात नाही लावाचा.” मी हसले तर म्हणाली, “हसा. हे वाक्य एका साली बोलाचं राहिलं त काय झालं ते पाहिलं ना तुमी.”

या हिवाळ्यातही मी नवं खायला गेले. भात रस्त्याकडच्या अर्ध्यातला होता, दुसरा नव्हताच. वहिनीने झाकण काढलं, पण वाकली नाही. कुंपणापलीकडून काकूंनी विचारलं, काय शिजून राहिलं वो?

“भात,” वहिनी म्हणाली.

“वास चांगला येऊन राहिला,” काकू म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. याचं काय करायचं ते मलाही कळलं नाही.

ताटं मांडली. बाबांनी पहिला घास घेतला. चावला. वर आढ्याकडे त्यांनी बघितलं असं दादा नंतर म्हणाला. मी ते बघितलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी घास गिळला. काही म्हणाले नाहीत.

यावेळी दादाने कसा हाय म्हणून विचारलं नाही, आणि झालं, खा, असंही म्हणाला नाही. आम्ही थोडं थांबलो, पूर्वी गोड हाय म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढं. मग वहिनीने बाबांच्या ताटात आणखी भात वाढला आणि आम्ही जेवायला सुरुवात केली.